त्यांनी मुद्दाम केलं, हे दिवाणी कोर्टात कसं दाखवायचं

मी मुंबईच्या शहर दिवाणी न्यायालयात वकिली करते. बरीचशी कामं फोर्टच्या जुन्या सचिवालयाच्या इमारतीत चालतात, काही दिंडोशीला. माझ्याकडे येणारी भांडणं बहुतेक घराभोवतीची असतात: वरच्या मजल्यावरून होणारी गळती, रिसेलच्या फ्लॅटवर लपवलेलं कर्ज, सोसायटीच्या ग्रुपवर झालेली बदनामी, पोलिसात दिलेली खोटी तक्रार. पहिल्याच भेटीत जवळजवळ प्रत्येक जण सांगतो, "मॅडम, हे त्यांनी मुद्दाम केलंय." सांगणारा खोटं बोलत नसतो. जिन्यात चुकवलेली नजर, तोंडावर आपटलेलं दार, सेक्रेटरीच्या कानाला लागणं, हे सगळं त्याने स्वतः पाहिलेलं असतं. न्यायाधीशांनी मात्र त्यातलं काही पाहिलेलं नसतं. त्यांच्यापुढे कागद येतात आणि साक्षी येतात. त्यावरून ते बघतात की समोरच्याला काय माहीत होतं, कधी माहीत झालं, आणि माहीत झाल्यावर त्याने काय केलं. दावा लावण्याआधी हे सगळं कागदावर कसं आणायचं ते इथे सांगते.

आधी बघा, हेतू सिद्ध करायची गरज आहे का

पुष्कळ दाव्यांत ती नसते. वरच्या बाथरूमचं पाणी तुमच्या छतातून झिरपतंय, कळवूनही ते बंद करत नाहीत, आणि त्यामुळे तुम्हाला घर नीट वापरता येत नाही, एवढं दाखवलंत तर उपद्रवाचा दावा उभा राहतो. वरच्यांच्या मनात तुमच्याबद्दल काय आहे, हे तिथे दुय्यम आहे. निष्काळजीपणाच्या दाव्यात शहाण्या माणसाने घेतली असती तेवढी काळजी घेतली का, इतकंच बघतात. करार मोडला असेल तर तो वाईट मनाने मोडला की परिस्थितीमुळे, याने भरपाईच्या हक्कात सहसा फरक पडत नाही. बदनामीतही "आमचा तसा उद्देश नव्हता" एवढ्याने सुटका होत नाही. फक्त काही प्रसंगी कायदा बोलणाऱ्याला संरक्षण देतो, उदाहरणार्थ सभासदाने सर्वसाधारण सभेत हिशेबाबद्दल विचारलेला प्रश्न. तिथे आकस दाखवता आला तर ते संरक्षण जातं.

हेतूशिवाय पुढे सरकतच नाहीत असे दावे मोजके आहेत. फसवणूक त्यात पहिली. तिची व्याख्या भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ मध्ये आहे. दुसरा, आकसाने फौजदारी खटला भरल्याबद्दल भरपाईचा दावा. त्यात चार गोष्टी लागतात: खटला प्रतिवादीने भरला किंवा भरायला लावला, तो तुमच्या बाजूने संपला, भरण्याला वाजवी कारण नव्हतं, आणि मनात आकस होता. तिसरा प्रकार मनाई हुकूम जाणूनबुजून मोडल्याचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९, नियम २अ खाली त्यासाठी मालमत्तेवर जप्ती येऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते.

म्हणून गळतीच्या साध्या दाव्यात "आम्हाला घर विकायला लावण्याचा कट" असं लिहायला मी पक्षकारांना विरोध करते. तो आरोप केलात की सिद्ध करणं तुमच्यावर येतं. जो दावा प्लंबरचा अहवाल आणि फोटोंवर जिंकता आला असता, त्यात पुढची कित्येक वर्षं कटावर उलटतपासणी चालते. तसंच काही खरोखर हाताशी असेल तर ते जरूर लिहा, पण पर्यायी म्हणून: हेतू सिद्ध झाला नाही तरी उपद्रव आणि निष्काळजीपणा यांवर दाद मिळावी, हे वादपत्रात, म्हणजे दावा मांडणाऱ्या कागदात, स्पष्ट मागा.

कायदा हेतू कशाला म्हणतो

आपण हेतू म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे द्वेष असतो. कोर्टाला द्वेष सापडलाच पाहिजे असं नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९५५ साली एक प्रकरण आलं होतं. पावणेसहा वर्षांच्या मुलाने अंगणातली खुर्ची सरकवली, आणि त्याच खुर्चीवर बसू पाहणाऱ्या बाई पडून त्यांचं हाड मोडलं. कोर्टाने प्रश्न असा घातला: खुर्ची हलवताना, बाई आता तिथे बसणार हे त्या मुलाला जवळजवळ खात्रीने माहीत होतं का? माहीत असेल तर इजा करायची इच्छा नव्हती हे सांगून भागणार नाही. परिणाम ठाऊक असताना केलेली कृती कायद्याच्या नजरेत हेतूच्या पंक्तीत बसते.

फसवणुकीबाबतचा पाया इंग्लंडमधल्या १८८९ च्या डेरी विरुद्ध पीक या निकालात आहे. प्लिमथच्या ट्राम कंपनीच्या संचालकांनी माहितीपत्रकात लिहिलं होतं की वाफेवर ट्राम चालवायचा हक्क कंपनीला आहे. त्यासाठी सरकारी खात्याची संमती लागणार होती, आणि ती बहुतांशी मिळाली नाही. तरी संचालक सुटले, कारण संमती मिळेल असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. विधान खोटं आहे हे माहीत असणं, ते खरं आहे असा विश्वास नसणं, किंवा खरं-खोटं काय याची पर्वाच न करणं, यातलं काहीतरी असेल तरच ती फसवणूक, असं त्या निकालाने ठरवलं. यातला तिसरा प्रकार आपल्या कामाला फार येतो. "मी कागद वाचलेच नाहीत, एजंटने सांगितलं तसं बोललो" हे उत्तर प्रत्येक वेळी बचाव ठरेलच असं नाही.

कृत्य कशासाठी केलं, म्हणजे उद्दिष्ट, ही आणखी निराळी गोष्ट. १८९५ साली ब्रॅडफर्ड शहराच्या एका प्रकरणात जमीनमालकाने स्वतःच्या जमिनीत खणून महापालिकेच्या जलाशयाकडे जाणारं भूमिगत पाणी अडवलं. पालिकेने आपली जमीन चढ्या भावात घ्यावी हा त्याचा डाव असल्याचं पालिकेचं म्हणणं होतं. कोर्टाने ते मनावर घेतलं नाही. स्वतःच्या जमिनीतली हक्काची कृती डावामुळे बेकायदा होत नाही. याच्या दोनच वर्षं आधीचा, १८९३ चा क्रिस्टी विरुद्ध डेव्ही हा निकाल मात्र उलट गेला. सामाईक भिंतीच्या एका बाजूला संगीताच्या शिकवण्या चालत. दुसऱ्या बाजूचा शेजारी भिंत ठोकायचा, थाळ्या बडवायचा, शिट्ट्या मारायचा. हे निव्वळ त्रास द्यायला चाललंय असं दिसल्यावर कोर्टाने मनाई हुकूम दिला. आवाजासारख्या उपद्रवात किती सोसावं याची रेषा परिस्थितीवरून ठरते, म्हणून तिथे आकसाला वजन येतं. आपल्या चाळींत आणि सोसायट्यांत जे चालतं ते याच जातीचं आहे. या प्रकरणात पक्षकारांना मी आणखी एक गोष्ट दाखवते: त्या शेजाऱ्याने आधी शिकवण्यांबद्दल तक्रारीचं चिडखोर पत्र लिहिलं होतं. त्याच्या मनातलं कोर्टापुढे आलं ते त्याच्याच हस्ताक्षरात.

तीन रकान्यांचा तक्ता करा

एक फुलस्केप कागद घ्या आणि तीन रकाने आखा: तारीख, त्या तारखेला त्यांना काय कळलं, त्यानंतर त्यांनी काय केलं. चौथा, अरुंद रकाना पुराव्यासाठी ठेवा. "ते तसेच आहेत", "सगळ्या बिल्डिंगला माहितीये" असलं काही यात येऊ द्यायचं नाही.

गळतीचं उदाहरण घेऊ. समजा तुम्ही १२ जूनला वरच्यांना पत्र दिलं आणि प्रतीवर सही-तारखेसह पोच घेतली. २० जूनला सोसायटीचा प्लंबर आला, त्याने वरच्या बाथरूममधली नहाणी ट्रॅप फुटल्याचं लिहून दिलं, आणि तो अहवाल सेक्रेटरीने दोघांना पाठवला. २ जुलैला वरच्यांनी ग्रुपवर टाकलं, "खाली गळतंय ते माहीत आहे, दिवाळीनंतर बघू." जुलैच्या अखेरीस त्याच बाथरूममध्ये त्यांनी नवीन टाइल्स बसवल्या, पण ट्रॅपला हात लावला नाही. आता तक्ता वाचून पाहा. १२ जूनपूर्वीची गळती अपघात असू शकते. २० जूननंतर ती कळूनही चालू ठेवलेली आहे. आणि टाइल्सचं काम हा सगळ्यात मोठा पुरावा, कारण पैसे नव्हते, गवंडी मिळत नव्हता, पावसाळ्यात काम होत नाही, या तिन्ही सबबी त्या एका कामाने संपतात.

साक्षीपुराव्याचा कायदा याच वाटेने जातो. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला, पण विचार तोच राहिला. त्याच्या कलम १२ प्रमाणे मनाची अवस्था दाखवणारी तथ्यं पुराव्यात येऊ शकतात, आणि त्याखालचं कुत्र्याचं उदाहरण मी प्रत्येक पक्षकाराला वाचून दाखवते: कुत्रा चावल्याची भरपाई मागताना, तोच कुत्रा आधी आणखी तिघांना चावला होता आणि त्यांनी मालकाकडे तक्रारी केल्या होत्या, हे सांगता येतं. नुसतं आधी चावला होता एवढ्यावर थांबू नका, तक्रार मालकापर्यंत पोचली होती हे दाखवा. कलम १३ एकसारख्या घटनांच्या मालिकेबद्दल आहे. एकदा घडलं तर अपघात म्हणता येतं, तसंच पुन्हा पुन्हा घडलं तर ते म्हणणं अवघड होत जातं. कलम ६ खाली घटनेच्या आधीचं आणि नंतरचं वागणं येतं. कलम १०९ मधलं उदाहरण वकीलसुद्धा पुष्कळदा वापरत नाहीत: कृत्याच्या स्वरूपावरून आणि परिस्थितीवरून जो हेतू दिसतो, त्याहून आपला हेतू निराळा होता असं कुणी म्हणत असेल, तर तो निराळा हेतू त्यानेच सिद्ध करायचा.

तक्ता झाला की प्रतिवादीच्या बाजूने बसा. त्याच तारखांवरून त्याला सगळ्यात चांगली, निर्दोष वाटणारी हकीकत लिहा. हे काम जिवावर येतं, पण टाळू नका. दिवाणी कोर्ट संभाव्यतेचं पारडं बघतं, फौजदारीसारखी निःसंशय खात्री मागत नाही. मात्र फसवणुकीसारखा गंभीर आरोप असला की पुरावा तितकाच ठोस लागतो, आणि संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेत नाही. त्यांची हकीकत जिथे एखाद्या तारखेला येऊन मोडते, ती तारीख तुमच्या दाव्याचा कणा. कुठेच मोडत नसेल, तर हेतूचा आरोप सोडून द्या आणि बाकीच्या कारणांवर दावा लावा.

वादपत्रात काय लिहायचं

ऑर्डर ६, नियम ४ सांगतो की फसवणूक, खोटी भुलवण, विश्वासघात, जाणूनबुजून केलेली कसूर किंवा गैरवाजवी दबाव यांचा आरोप असेल तर तपशील आणि जरूर तिथे तारखा वादपत्रात द्याव्याच लागतात. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ सालीच बिशुनदेव नारायण प्रकरणात स्पष्ट केलं की मोघम आरोप, भाषा कितीही जहाल असली तरी, फसवणुकीचा आरोप म्हणून उभे राहत नाहीत. त्याच ऑर्डरचा नियम १० जरा सवलत देतो: आकस, माहिती, फसवण्याचा हेतू अशी मनाची अवस्था नुसती तथ्य म्हणून सांगितली तरी चालते. म्हणजे काय केलं ते सविस्तर लिहायचं, आणि मनात काय होतं ते एका ओळीत.

"प्रतिवादीने कट रचून, दुष्ट हेतूने व खोटेपणाने वादीची घोर फसवणूक केली" हे वाक्य मी असंख्य वादपत्रांत वाचलंय. त्यातून न्यायाधीशांच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असं लिहा: "दि. ३ मार्च रोजी सदनिकेवरील कर्जाच्या थकबाकीची बँकेची नोटीस प्रतिवादीस मिळाली. पोचपावतीवर त्याची सही आहे. दि. १९ मार्च रोजी केलेल्या करारनाम्याच्या कलम ७ मध्ये प्रतिवादीने सदनिकेवर कोणताही बोजा नसल्याचे लिहून दिले. हे विधान खोटे असल्याचे त्यास माहीत होते. त्यावर विसंबून वादीने त्याच दिवशी पाच लाख रुपये दिले." यात एकही विशेषण नाही, आणि ३ ते १९ मार्चमधले सोळा दिवस वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाहीत.

वचन देतानाच ते पाळायचं नव्हतं, हीदेखील कलम १७ प्रमाणे फसवणूकच. पण नंतर वचन पाळलं नाही एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. तेव्हाची स्थिती दाखवावी लागते. त्याच आठवड्यात त्याच फ्लॅटचं टोकन दुसऱ्याकडून घेतलं असेल, तर ती पावती मिळवा. इंग्लंडच्या न्यायमूर्ती बोवेन यांनी १८८५ साली म्हटलं होतं की माणसाच्या मनाची अवस्था हे त्याच्या पचनाच्या अवस्थेइतकंच एक तथ्य आहे. त्या प्रकरणात कंपनीने इमारतीच्या कामासाठी म्हणून लोकांकडून कर्ज उभारलं होतं, आणि खरा इरादा जुनी देणी भागवायचा होता.

पुरावा आजच गोळा करायला लागा

मुंबईत गळतीचा पुरावा ऑक्टोबरात सुकतो. जुलैत भिंत ओली असताना ऑर्डर २६, नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी करण्याचा अर्ज द्या. दिवाळीनंतर कमिशनर आला तर त्याला नवीन रंग दिसेल.

फोनमधल्या गोष्टींची जास्त काळजी घ्या. लोक स्क्रीनशॉट छापून आणतात आणि मूळ चॅट फोन बदलताना घालवतात. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. नवीन नमुन्यात त्याचे दोन भाग आहेत, एक पक्षकाराने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश किंमतही, म्हणजे फाइल बदलली नाही हे ताडून पाहता येणारा तिचा सांकेतिक आकडाही, त्यात लिहायची असते. जुन्या कायद्याखाली असं प्रमाणपत्र सक्तीचं असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ज्या प्रकरणात दिला, तो वाद आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचा होता: अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. फोन जपा, ग्रुप सोडू नका, काही डिलीट करू नका. स्वतःचे रागाचे मेसेजसुद्धा ठेवा. अर्धवट चॅट दाखवलं की उलटतपासणीत तेच तुमच्यावर उलटतं.

कागद समोरच्याकडे असेल तर ऑर्डर ११ खाली तो हजर करण्याची मागणी करा आणि ऑर्डर १२ ची नोटीस द्या. दिला नाही तरी मागणी वाया जात नाही. कल्याणजवळच्या हाजी मलंग दर्ग्याच्या जमिनीच्या वादात, गोपाळ कृष्णाजी केतकर प्रकरणात, हातात असलेले उत्पन्नाचे हिशेब पुढे केले गेले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली म्हटलं की सिद्ध करण्याचा भार आपल्यावर नसला तरी, जवळचा उत्तम पुरावा दडवणाऱ्याविरुद्ध अनुमान काढता येतं. आणि विद्याधर विरुद्ध माणिकराव या १९९९ च्या निकालाप्रमाणे, जो पक्षकार स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात येत नाही आणि उलटतपासणीला सामोरा जात नाही, त्याचं म्हणणं खरं नसावं असं अनुमान निघू शकतं. हे दोन्ही निकाल तुमच्याविरुद्धही चालतात. तुमच्या बाजूने मुलाला किंवा मुखत्याराला साक्षीला पाठवायचा विचार असेल तर तो सोडा; जे तुम्ही पाहिलं ते तुम्हीच सांगा.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर

सरतपासणी, म्हणजे तुमच्या स्वतःच्या बाजूने मांडलेली तुमची साक्ष, ॲफिडेव्हिटवर होते, त्यामुळे तुमचा खरा आवाज कोर्टाला ऐकू येतो तो उलटतपासणीत. समोरचे वकील विचारतील, "प्रतिवादीच्या मनात काय होतं हे तुम्हाला कसं कळलं?" इथे पुष्कळ साक्षीदार पाच मिनिटं त्या माणसाचा स्वभाव सांगत बसतात. उत्तर छोटं ठेवा: "मनातलं मला माहीत नाही. वीस जूनचा अहवाल त्यांना मिळाला आणि जुलैत त्यांनी टाइल्स बसवल्या, हे मी पाहिलं." अनुमान काढायचं काम न्यायाधीशांचं आहे, ते त्यांना करू द्या.

तुमच्या वकिलांनाही आधीच सांगून ठेवा की प्रतिवादीला "तुम्ही हे मुद्दाम केलंत ना?" असं सुरुवातीलाच विचारू नका. त्याला नकार येणार हे ठरलेलं. आधी पोचपावतीवरची सही त्याची आहे का, ग्रुपवरचा नंबर त्याचा आहे का, टाइल्सचं बिल कुणी दिलं, हे एकेक कबूल करून घ्यावं. आपलं म्हणणं साक्षीदारापुढे थेट ठेवायचं, म्हणून तो प्रश्न शेवटी घालावाच लागतो, पण तोवर उत्तर नोंदीवर आलेलं असतं.

वकिलाची फी झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी बायका दावा न लावताच घरी बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मुदत मात्र पहिल्याच दिवशी मोजा. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात बदनामीच्या आणि आकसाच्या खटल्याच्या भरपाईसाठी एकच वर्ष आहे. दुसऱ्यात ते निर्दोष सुटल्यापासून किंवा खटला अन्य रीतीने संपल्यापासून धरतात. फसवणुकीवर उभ्या दाव्यात याच मुदतीच्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुदत सुरू होते ती फसवणूक कळल्यापासून, किंवा नीट चौकशी केली असती तर जेव्हा कळली असती तेव्हापासून. म्हणून तक्त्याच्या खाली एक ओळ स्वतःसाठी राखून ठेवा: तुम्हाला हे कधी आणि कशावरून कळलं. बँकेच्या पत्रावरून कळलं असेल तर ते पत्र ज्या पाकिटातून आलं, तेही पोस्टाच्या शिक्क्यासकट फाइलला लावा.